सूर्यावरचं वादळ आणि हिराचं तळं

शमिका भाटे गावची. वडील होडीवर, आई रत्नागिरीच्या बाजारात मासे विकायची. डिप्लोमा करून ती खाडीपट्ट्यातल्या वीज उपकेंद्रात ऑपरेटर म्हणून लागली आणि थोड्याच वर्षांत ट्रान्सफॉर्मरच्या आवाजावरून त्याची तब्येत ओळखू लागली.

ऑगस्टातली गोष्ट. सकाळी वरून संदेश आला : सूर्यावर मोठा स्फोट झाला आहे, पृथ्वीचं चुंबकत्व डळमळेल, ट्रान्सफॉर्मरवर लक्ष ठेवा. जोडीला असलेला सदू खिडकीबाहेर बघून हसला. "आठ दिस सूर्याचं तोंड दिसलं नाय, आनि त्याचं वादळ म्हने!"

शमिका हसली नाही. तिने याबद्दल वाचलं होतं. असं वादळ आलं की लांबलांबच्या वीजवाहिन्यांत भलताच प्रवाह निर्माण होतो. तो जमिनीतून अर्थिंगच्या वाटेने ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरतो आणि त्याला आतून तापवतो. ध्रुवाकडच्या देशांना धोका जास्त, आपल्याकडे कमी. पण इथला ट्रान्सफॉर्मर जुना होता. तो जळला असता तर दुसरा येईपर्यंत सगळा खाडीपट्टा अंधारात राहिला असता.

दुपारी त्याची घरघर बदलली. लोड वाढला नव्हता, तरी तेलाचं तापमान चढत होतं. अर्थिंगच्या तारेतला प्रवाह दाखवणारा काटा थरथरत होता. तिने साहेबांना फोन केला.

"तिथे तू आहेस," साहेब म्हणाले. "तुला पटेल ते कर."

तिने ट्रान्सफॉर्मर बंद केला. गावंच्या गावांची लाइट गेली. लगेच फोन खणखणू लागले. त्यात हिराचाही होता. हिरा आणि तिचा नवरा धाकू यांचं खाडीच्या काठाला कोळंबीचं तळं होतं. पाण्यात हवा खेळती ठेवणारी त्यांची यंत्रं विजेवर चालत.

"शमिका गो, हिरा बोलतंय. यंत्रं थांबलीत. आभाळ भरलंय, कोळंबीला हवा पुरायची नाय. लाइट कदी येल?"

"येईल हो ताय, आता येईल," शमिका म्हणाली आणि फोन ठेवला. तिची नजर काट्यावर होती. काटा स्थिरावल्याशिवाय लाइट सोडायची नाही, हे तिने मनाशी ठरवलेलं होतं. तरी तोंडातून तेच गेलं, जे ती रोज सगळ्यांना सांगायची.

हिराने तिच्यावर भरवसा ठेवला. जनरेटरला डिझेल नव्हतं. धाकू कॅन घेऊन निघाला होता, त्याला तिने माघारी बोलावलं आणि लाइटची वाट बघत राहिली. लाइट आली तेव्हा दिवस कलला होता. कोळंबी काठाशी येऊन तडफडत होती, आणि सकाळपर्यंत सगळं तळं मेलं. पंधरवड्यात माल निघायचा होता.

उपकेंद्रात मात्र शमिकाचं कौतुक झालं. ट्रान्सफॉर्मरची तपासणी झाली, तो धड निघाला. "तू वाचवलास," साहेब म्हणाले.

"पण साहेब, वादळानेच तापला होता का? चालू ठेवला असता तर जळला असता?"

"आता कोण सांगणार? तू बरोबरच केलंस."

लाइट बंद केल्याचं तिला वाईट वाटत नव्हतं. खुपत होते ते 'आता येईल' हे दोन शब्द. तीन-चार तास धरा, डिझेल आणा, एवढंच तर सांगायचं होतं.

शेवटी ती तळ्यावर गेली. पाणी सोडून दिलं होतं, चिखलावर चुना फेकला होता, वास अजून होता.

"ताय, मला माहीत होतं लवकर येणार नाही म्हणून. तरी मी तुम्हाला येईल म्हटलं."

हिराने घमेल्यात चुना भरला. मग म्हणाली, "दुसरं कोन बोललं असतं तर मी धाकूला थांबवलं नसतं गो. तुज्या आयशीला मी वळखतंय. म्हनून थांबवलं." आणि घमेलं उचलून बांधाकडे गेली. चहा विचारला नाही.

त्या हंगामात तळं कोरडंच राहिलं. धाकू जयगडच्या बंदरावर मजुरीला जाऊ लागला. एकदा एसटीत शमिकाने त्याला पाहिलं. गाडी भरलेली होती. धाकू सरकला, त्याने जागा केली.

"बसा मॅडम."

त्याच्या आवाजात राग नव्हता. तिला बसवेना. दांडी धरून ती उभी राहिली. तो पुन्हा म्हणाला नाही, पण ती उतरेपर्यंत जागा त्याने तशीच मोकळी ठेवली.