घोडी

दिघीचा वली होडीवाला. वाऱ्यावर शीड धरून माणसं खाडीपलीकडे आगरदांड्याला पोचवायची, एवढंच आता त्याचं काम. त्याआधीची वीस वर्षं गलबतांवर दोर बांधण्यात गेली होती. त्या दिवसांतली एकच वस्तू घरात उरली होती, एडनच्या बाजारात घेतलेली मँडोलिन.

सन एकोणीसशे बत्तीसमध्ये त्याच्या रेहानाचं लग्न मुरूडला ठरलं. लेक म्हणाली, "अब्बा, मी निघेन तवा माझी लहानपणची झोपायची चाल वाजवा. बाकी काय नको."

त्या दिवसापासून वलीचा पाय घरात ठरेना. मागल्या वर्षी पुतणीच्या लग्नात डफ आणि बायकांच्या गाण्यांपुढे त्याचं वाजवणं कुणाच्या कानीच पडलं नव्हतं. त्याने मुंबईहून जाड तारा मागवल्या आणि आठही चढवल्या. आवाज घुमला खरा, पण ताणाने मँडोलिनची दांडी जराशी पुढे वाकली आणि तारा तिच्यावरच्या पडद्यांपासून उंच उठल्या. दाबून दाबून बोटं सोलली. वरच्या पडद्यांवर सूर चढाच लागायचा.

त्याची बायको जहुरा चुलीजवळून म्हणाली, "लेकीचं लगीन हाय, तुमचं न्हाय. जरा बसा."

वली बसला नाही. होडीवर दोर अडला, की तो बोलत नसे, सुरी काढत असे. इथेही त्याने तेच केलं. तारा ज्या लाकडी घोडीवर टेकतात, ती घोडी तासून बुटकी केली. तारा खाली आल्या. एक दिवस तो खुशीत होता.

दुसऱ्या दिवशी दांडीच्या मुळाशी केसाएवढी फट दिसली. हलक्या लाकडाला तो ताण सोसत नव्हता. घाईघाईने त्याने जाड तारा उतरवल्या, फटीत सरस भरला आणि तो वाळल्यावर जुन्या बारीक तारा चढवल्या. ताण गेला तशी दांडी सरळ झाली, आणि तासलेल्या घोडीवरच्या तारा थेट पडद्यांना टेकून कुरकुरू लागल्या. निकाह परवावर आला होता.

मँडोलिन घेऊन तो धर्माजी सुताराकडे धावला. होडीचं लाकूडकाम धर्माजीच करी.

"वल्या, दोर सैल कराचा सोडून डोलकाठीच कापलीस?"

"हसू नको. उभी कर."

धर्माजीने करवंटीची पातळ चकती घासून घोडीखाली सरकवली. "नवी घोडी कराला दिवस न्हाय. एक तार कुरकुरंल. सोसून घे."

लग्नात वली वाजवायला बसला. डफ वाजले, बायका गाऊ लागल्या, आणि पुन्हा त्याचं कुणाला ऐकू आलं नाही. त्याने मँडोलिन फडक्यात गुंडाळली.

मुरूडला जायचं, तर आधी खाडी ओलांडायची. नवरा-नवरी वलीच्याच होडीत बसली. मध्यावर वारा मंदावला. गाणी मागे धक्क्यावरच राहिली होती. धर्माजी सुकाणूवर होता. तो म्हणाला, "आता काढ की!"

वलीने फडकं सोडलं. बारीक तारांचा आवाज पाण्यावर सहज पसरला. जाड तारांची इथे काही गरजच नव्हती. रेहाना मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"अब्बा, तिसरी तार कुरकुरते."

"व्हय," वली म्हणाला. "ती मीच बिघडवली."

"मग परत वाजवा."

आगरदांडा जवळ येत होता. वलीने पुन्हा सुरुवात केली, या वेळी जरा सावकाश.