हेरांच्या म्युझियमात ऐकलेलं

२०२४ साल, वय माझं अठ्ठ्याहत्तर. चौथी नापास माणूस, पण मान कुणापुढं खाली घातली नाही. म्हणूनच असेल — हे मी बायकोपाशीसुद्धा बोललो नव्हतो. ती वारली, तोवर बोललो नाही. आता तुम्हाला सांगायलोय.

परभणीत हेरगिरीचं फिरतं म्युझियम आलं होतं. माझी नात पूजा तिथं शिकायला असते. तिनं मला बोलावलं अन् माझा जन्माचा दोस्त मारोती, त्यालाही. आमच्या गावाहून, चुडाव्याहून रेल्वेनं निघालो. एवढे म्हातारे, पण खिडकीसाठी भांडलो!

अन् काय एकेक चीज तिथं! कोटाच्या गुंडीत कॅमेरा. बुटाच्या टाचेत चिठ्ठी लपवायची जागा. मी म्हणालो, "मारोत्या, आपण उगंच शेती केली लेका." तो म्हणाला, "तुला कोण हेर करील? तू शिंकलास तरी टेशनापर्यंत ऐकू येतंय." लय हसलो.

पुढं एक खोली होती. कानाला यंत्र लावलं की भिंतीपलीकडचं बोलणं ऐकू यायचं. मारोती अन् पूजा पलीकडं जाऊन बसले. मी यंत्र लावलं — अहो, मारोतीचा श्वाससुद्धा ऐकू यायला! अंगावर काटाच आला. पुन्हा पुन्हा लावून बघितलं.

अन् मारोती पूजाला सांगायलाय, "तुझ्या आज्यानं लय केलं बाई माझ्यासाठी. माझ्या पोरीची, सुमनची, ठरत आलेली सोयरीक कुणीतरी मोडली. तवा ह्योच माझ्यासंगं गावोगाव हिंडला, दुसरं स्थळ बघायला."

तुम्हाला माहीत आहे ना — सोयरीक पक्की करायच्या आधी मुलाकडचे गुपचूप एखादा माणूस पाठवतात? तो हाटेलात बसतो, चहा पितो, सहज विचारल्यासारखं विचारतो. घर कसं, पोरगी कशी. हेरच की तो! सुमनच्या वेळी मुलाचा मामा आला होता. बसला नेमका माझ्याशेजारी. अन् मी — काय गरज होती? — मी म्हणालो, "पोरगी चांगली हाय, पर फिट येतात तिला."

तिला कधी साधी चक्करसुद्धा आली नव्हती. त्याच मुलानं आधी माझी पोरगी नापसंत केली होती. मला ते सोसलं नाही. मामा अर्धा चहा तसाच टाकून उठला. पुढं सुमनला बिजवराला दिली. ते स्थळ मीच दाखवलं.

पूजानं बाहेर आल्यावर विचारलं, "काय ऐकू आलं आबा?" म्हणालो, "काहीच न्हाई, यंत्र खराब हाय." बघा, तिथंही खोटंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारोतीकडं गेलो. तो गोठ्यात शेण काढायला होता. "बस, चहा टाकायला सांगतो," म्हणाला. मी बसलो नाही. उभ्याउभ्याच सांगितलं — सुमनची सोयरीक मी मोडली. त्यानं हातातलं टोपलं खाली ठेवलं. मग मी माझा फोन काढून सुमनला लावला, अन् त्याच्यासमोरच तिलाही सांगितलं.