चौथा मजला, लिफ्ट नाही

घर विकायचं असेल तर गुडघे दुखायच्या आधी विकावं. हा माझा पहिला सल्ला. मी स्वतः तो पाळला नाही.

आमचं घर घाटकोपरला, जुन्या बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. घेतलं तेव्हा नवरा म्हणाला होता, वर हवा चांगली असते. हवा चांगलीच आहे, पण ती खायला चढून यावं लागतं. पुढे नवरा वारला, मुलगी लग्न होऊन मुलुंडला गेली आणि डॉक्टर म्हणाले, आता जिने बंद. चौथ्या मजल्यावरच्या बाईला जिने बंद म्हटलं की ती एकतर वर राहते नाहीतर खाली. मी वर राहिले. भाजी आणायला दोरीला पिशवी बांधून खिडकीतून खाली सोडायची. पिशवी माझ्यापेक्षा जास्त फिरायची.

मुलगी म्हणाली, "आई, तू माझ्याकडे ये. आमच्याकडे लिफ्ट आहे."

मी म्हटलं, "सासूपण आहे."

तर ठरवलं, हे घर विकायचं आणि कुठेही तळमजल्यावर घर घ्यायचं. सकाळी दार उघडलं की रस्त्याला पाय लागला पाहिजे, एवढीच अट.

एजंट आला तो मान हलवतच. "मावशी, मार्केट थंड आहे."

"मग गरम करून दे. त्याचेच पैसे घेतोस ना?"

त्याने घर पाहिलं आणि मला शिकवायला लागला. गिऱ्हाईक आलं की मी फक्त हसायचं. मी म्हटलं, मला उगाच हसू येत नाही. "मग गप्प बसा," तो म्हणाला. "अर्धी घरं मालकाच्या तोंडामुळे अडकतात." मग त्याने भिंतीवरचा नवऱ्याचा फोटो काढायला लावला. हार घातलेला फोटो बघितला की गिऱ्हाईक घाबरतं म्हणे. मी फोटो कपाटात उभा करून ठेवला. नवऱ्याला त्याचं काही वाटलं नसतं. जिवंत होता तेव्हाही पाहुणे आले की तो आतल्या खोलीतच बसायचा.

पण गिऱ्हाईक कपाटं उघडून बघतं, हे एजंटने सांगितलं नव्हतं. पहिल्याच रविवारी एक बाई आली, कपाट उघडलं आणि माझ्या नवऱ्यासमोर उभी राहिली. नाकाला नाक. तिने कपाट हळूच लावलं आणि म्हणाली, "स्टोरेज छान आहे." परत काही आली नाही.

आमच्या घराची खरी अडचण अशी की ते बघायच्या आधीच माणसाचं मत झालेलं असायचं. तिसऱ्या मजल्यापर्यंत नवरा-बायको बोलत यायचे, चौथ्यावर नुसता श्वास ऐकू यायचा. दारात आले की मी आधी पाणी द्यायची. एकाने तर घर न बघता फक्त पाणी पिऊन घेतलं आणि आभार मानून उतरला.

आणि मला गप्प बसता यायचं नाही. कोणी विचारलं, "गळतं का हो?" तर मी सांगायची, "पावसाळ्यात गळतं. त्या कोपऱ्यात. बादली घरासोबत देईन." लगेच एजंटला खोकला यायचा. एक गृहस्थ रिडेव्हलपमेंटच्या आशेने आले होते. त्यांनी विचारलं, "बिल्डिंग कधी पडणार?" मी विचारलं, "मुद्दाम की आपोआप?" त्या दिवशी एजंटचा खोकला जिन्यापर्यंत ऐकू येत होता.

शिवाय विमानं. आमच्या गच्चीवरून विमानं खाली उतरतात, इतकी खाली की वाटतं थांबा म्हटलं तर थांबतील. ते टाळायला एजंटने युक्ती काढली. विमान आलं की त्याने मोठ्याने घराचं कौतुक करायचं. पण विमान त्याच्यापेक्षा मोठ्याने बोलायचं. गिऱ्हाईकाला नुसते त्याचे हलणारे ओठ दिसायचे आणि लोक मला खुणेने विचारायचे, यांना काय झालंय.

मुलीने मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ बघितला. घर बघायला लोक येणार असतील तेव्हा घरात छान खमंग वास पसरवायचा. परदेशात म्हणे केक भाजत ठेवतात.

"आई, तू पण काहीतरी खमंग कर."

मी सुकट भाजली. माझ्या मते याहून खमंग काही नाही. त्या दिवशीचं गिऱ्हाईक दुसऱ्या मजल्यावरूनच परत गेलं. तेवढे जिने वाचले त्यांचे.

असे रविवारमागून रविवार गेले. मार्केट थंड ते थंडच. आता तळमजल्यावरच्या माणसाविषयी सांगायला हवं.

आमच्या बिल्डिंगला वॉचमन नाही. जिन्याच्या तोंडाशी एक घर आहे आणि त्या घराला बेल आहे, तोच आमचा वॉचमन. तिथे बस डेपोतून निवृत्त झालेले एक गृहस्थ बायकोबरोबर राहायचे. मूळचे परभणीकडचे, सरळ माणूस. कुरिअरवाला आला, त्यांची बेल. गॅसवाला आला, त्यांची बेल. पोरांचा बॉल गेला, त्यांची बेल. त्यात आता माझी गिऱ्हाइकं. प्रत्येक जण आधी तिथेच बेल दाबून विचारायचा, विकायचं घर कुठलं? उतरताना परत दाबायचा, कारण चौथ्या मजल्यावरून आल्यावर पाणी लागायचं. माझी भाजीची पिशवीसुद्धा त्यांच्याच खिडकीसमोर लोंबायची.

एका रविवारी दुपारी ते स्वतः वर आले. त्यांना चढताना मी कधी बघितलं नव्हतं.

"मावशी," ते दारातूनच म्हणाले, "तुम्हाला घर विकायचंय की माझी बेल?"

"आधी बसा भाऊ. पाणी घ्या."

"सकाळपासून लोकांना पाणीच देतोय. जेवायला बसलो तीनदा, उठलो तीनदा. बायको म्हणते, दारातच ताट मांडा."

मी चहा ठेवला. ते खिडकीपाशी बसले. भांडायला आले होते, पण दम गेलेला माणूस लगेच भांडू शकत नाही, हा चौथ्या मजल्याचा एक फायदा. चहा झाला तरी ते उठेनात. खिडकीतून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "इथे कोण येतं?"

"कोणी नाही. म्हणून तर विकतेय."

"कुरिअरवाला?"

"खालीच देऊन जातो. तुमच्याकडे."

"बॉल?"

"एवढ्या वर कोण मारतंय?"

त्यांच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते मला दिसत होतं. बाजारात बायका साडीवरून हात फिरवतात ना, तसे ते माझ्या खिडकीच्या कठड्यावरून हात फिरवत होते. मला खोटं बोलता येत नाही, म्हणून म्हटलं, "पावसाळ्यात गळतं हां."

"गळू दे. पाणी बेल वाजवत नाही."

तेवढ्यात विमान गेलं. कपबशा थरथरल्या. आवाज विरेपर्यंत ते थांबले.

"हे रोजचंच?"

"दिवसभर."

"जाऊ दे. वरून जातं, विचारत तर नाही काही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मावशी, तुमचं मी घेतो, माझं तुम्ही घ्या."

तेव्हा माझ्या जिभेवर एक वाक्य आलं होतं. अगदी टोकावर. ते मी गिळलं. एवढे दिवस एजंट सांगत होता गप्प बसा, गप्प बसा. त्या दिवशी मी त्याचं ऐकलं.

त्यांची बायको आधी तयार नव्हती. "भाजी घेऊन चौथ्यावर कोण चढणार?" ती म्हणाली. ते म्हणाले, "पिशवी आहे की." मग मी दोरीपण घरासोबत दिली.

एजंटला कळलं तेव्हा तो डोक्याला हात लावून बसला. "मावशी, एवढी गिऱ्हाइकं आणली मी, आणि घर घेतलं तळमजल्याने? मग मी काय केलं?"

"तू बेल वाजवायला माणसं पाठवलीस," मी म्हटलं. "नाहीतर तो वर आला नसता." आणि त्याची दलाली दिली. तेवढं काम त्याने खरंच केलं होतं.

सह्या-शिक्के झाले आणि एकाच दिवशी दोन्ही घरं हलली. एकच जिना. त्यांचं कपाट वर निघालं, माझं खाली, आणि दुसऱ्या मजल्यावर दोन्ही अडकली. बराच वेळ कोणीच मागे हटेना, कपाटंही नाही आणि हमालही नाहीत. शेवटी ती सुटल्यावर मला खुर्चीत बसवून चौघांनी उचललं. मांडीवर नवऱ्याचा हार घातलेला फोटो. पुढे एजंट, "सरका, सरका" करत. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईने दार उघडलं, बघितलं आणि डोक्यावर पदर घेऊन हात जोडले.

मी म्हटलं, "अजून आहे गं. फक्त खाली चाललेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं आणि रस्त्याला पाय लावला. कोपऱ्यावर भाजीवाला होता. त्याने आत्तापर्यंत माझा हातच बघितला होता. मला बघून म्हणाला, "आज पिशवी नाही आली?"

घरी परत येते तोच बेल वाजली. कुरिअरवाला. मग गॅसवाला. मग पोरं.

मी नवऱ्याचा पेचकस काढला, बेलचे दोन स्क्रू फिरवले आणि बेल काढून ड्रॉवरमध्ये टाकली. चहाचं पाणी उकळायच्या आत काम झालं. त्या रविवारी हेच वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं: भाऊ, बेल काढून टाका की. एवढी वर्षं त्या सरळ माणसाला ते सुचलं नाही आणि सही होईपर्यंत सुचू नये म्हणून मी देवाला नारळ बोलले होते. तो फोडलासुद्धा. अर्धा त्यांच्याकडे वर पाठवला, पिशवीतून.

आता कोणी खिडकीशी येऊन विचारलं, अमुक कुठे राहतात, तमुकचं पार्सल ठेवता का, तर मी सांगते, "मी इथे नवीन आहे. आधी इथे राहायचे त्यांना सगळं माहीत आहे. चौथा मजला. लिफ्ट नाही."

आजवर एकही जण वर गेलेला नाही.