हाडांच्या काकांची क्रमवारी

हाडांच्या काकांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, मोडलेली हाडं राहत. मंडळाच्या गणपतीत कुणी वाकून नमस्कार केला, की काका जरा चाचपडत आणि मग चेहरा उजळून म्हणत, "अरे, तू डावं मनगट! बर्फावर घसरला होतास ना?" मिरजेहून तरुणपणी आलेला हा माणूस उभी हयात इंग्लंडमधल्या इस्पितळांत लोकांची हाडं जोडत होता. निवृत्तीनंतर जोडायला हाडं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी आमच्या टीव्हीवरच्या अंतराळातल्या योद्ध्यांकडे मोर्चा वळवला.

त्याला कारण आम्हीच. मी आणि माझा नवरा नितीन, दोघंही त्या मालिकेचे वेडे. सतरा ग्रह, तीन साम्राज्यं, मंतरलेले भाले आणि कुणाचं कुणाशी वैर आहे याचा पत्ता नाही, असा सगळा मामला. काकू गेल्यावर काका मिल्टन कीन्समधल्या त्या मोठ्या घरात एकटेच राहत, म्हणून आम्ही त्यांना दर रविवारी जेवायला बोलवायचो. जेवणानंतर एक भाग बघायचा आणि मग कोण कोणाला लोळवेल यावर नवराबायकोनं तावातावानं भांडायचं, हा आमचा शिरस्ता. काकांनी काही रविवार हे मुकाट्यानं ऐकून घेतलं. मग एकदा ताकाची वाटी खाली ठेवून म्हणाले, "तुम्ही दोघं अगदी अडाण्यासारखं बोलताय. त्या पोराचा खांदा बघितलात का?"

त्या दिवसापासून आमच्या फ्रिजवर क्रमवारी लागली. काकांनी घरून जुन्या अपॉइंटमेंट कार्डांचा गठ्ठा आणला, प्रत्येक कार्डाच्या मागे एकेका योद्ध्याचं नाव लिहिलं आणि मॅग्नेटनं ओळीत लावलं. नाव म्हणजे अर्थात हाडच. 'उजवा खांदा', 'बरगड्या', 'घोटा'. नियम एकच. ज्याला लागलं तो खाली, आणि लागलेलं कधीही विसरायचं नाही. लेखक विसरले तरी काका विसरत नसत. नितीन कळवळून सांगायचा, "अहो काका, त्याला त्या जादूच्या झऱ्यात बुडवून बरा केला ना!" काका शांतपणे म्हणायचे, "झऱ्यानं जखम भरते रे. लिगामेंट नाही भरत." आणि कार्ड खाली सरकवून वर त्यांचं ठरलेलं वाक्य, क्लिनिकमध्ये आयुष्यभर म्हटलेलं: "हा नंबर तात्पुरता. फॉलो-अपला बघू."

पहिल्या नंबरावर मात्र त्यांनी एका म्हाताऱ्या सेनापतीणबाईंना बसवलं होतं, आणि त्यांचं कार्ड होतं 'गुडघा'. मी म्हटलं, हा सरळसरळ पक्षपात आहे. काका खुर्चीत सावरून बसले. "अगं मेधा, नीट बघ. ती बाई पायऱ्यांवर कधी लढते का? शत्रूला सपाटीवर आणते आणि मग हाणते. आपला गुडघा कुठे दगा देणार हे तिला पक्कं ठाऊक आहे. अशा माणसाला हरवणं महाकठीण." मग त्यांनी माझ्याकडे आणखी एक पोळी मागितली.

काकांना स्वतःची गाडी जिवापलीकडे प्यारी होती. आमच्या गावात राउंडअबाउटमागून राउंडअबाउट, नुसते गोल चौक, सगळे एकसारखे, नवखा माणूस तासभर घिरट्या घालतो. काका मात्र रुबाबात, एका हातानं वळणं घेत यायचे. "इथे गाडी नाही म्हणजे पाय नाहीत," असं म्हणायचे आणि ते खरंच होतं. भाजी, लायब्ररी, मंडळ, आमचा रविवार, सगळं त्या गाडीवर उभं होतं.

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाचा कप बशीत वाजायचा. काका तो हात पटकन टेबलाखाली न्यायचे. मग बंपरला एक ओरखडा दिसला, मग दुसरा. हॅरोहून त्यांच्या मुलीचा, अनघाचा फोन आला. ती इथेच जन्मलेली, इथेच जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, झालेली. "मेधा, प्लीज, बाबाची गाडी बंद कर ना. हात कुणाला दाखवतच नाही तो. आय अ‍ॅम हिज डॉटर, म्हणून माझा ऐकत नाही. तुझा ऐकेल." गाडी गेली तर काका घरात कोंडले जाणार. नाही गेली तर एखाद्या दिवशी कुणाचं तरी हाड मोडणार, आणि तेही काकांच्या हातून.

त्याच सुमाराला मालिकेत नवा सीझन आला. तिसऱ्या नंबरावर एक म्हातारा यानचालक होता. त्याचा हात भर लढाईत थरथरताना दाखवला, आणि तो त्यानं सगळ्यांपासून लपवला. भाग संपला. नितीननं सवयीनं फ्रिजकडे बघितलं. काका उठले, पाणी प्यायले आणि कार्डाला हात न लावताच खाली बसले. मला भडभडून आलं आणि रागही आला.

"काका, खांदा खाली गेला, बरगड्या खाली गेल्या. याचं कार्ड का नाही सरकवलं?"

"किरकोळ आहे ते."

"तुमच्या क्लिनिकमध्ये किरकोळ म्हटलं असतंत?"

मग काका उठले आणि ते कार्ड काढून त्यांनी सगळ्यांत तळाला लावलं. लावताना मॅग्नेट दोनदा निसटलं. "यान चालवायला शेवटचा," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "मंगळवारी क्रॉसिंगवर एक बाई होती, बाळाची प्रॅम घेऊन. मला दिसली होती गं. हात वेळेवर वळला नाही. तिनंच मागे ओढली प्रॅम." त्यांनी खिशातून किल्ली काढून लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवली. नितीननं त्या दिवशी त्यांना घरी सोडलं. मी मागे भांडी घासत रडले.

पुढच्या रविवारपासून मी त्यांना आणायला जाऊ लागले. शेजारी बसून ते माझ्या ड्रायव्हिंगच्या चुका काढायचे, सगळ्या खऱ्या. असंच एकदा आमच्या घरी पोचल्यावर त्यांनी एक कोरं कार्ड मागितलं. वाकड्यातिकड्या अक्षरांत त्यावर लिहिलं, 'निवृत्त हात', आणि माझ्यापुढे धरलं. "याला कुठे लावतेस? खरं सांग, लाड नकोत."

मी फ्रिजकडे बघितलं. त्यांच्याच आवाजात म्हटलं, "पाचवा. पण तात्पुरता. फॉलो-अपला बघू."

"पाचवा!" काका खूश होऊन नितीनला म्हणाले, "बरगड्यांच्या वर आहे मी!"

गेल्या हिवाळ्यात काका झोपेतच गेले. बरणीशेजारची ती किल्ली अनघानं मलाच ठेवून घ्यायला सांगितली. गाडी तिनं दुसऱ्या किल्लीवर केव्हाच विकली होती. मालिकेचा नवा सीझन सुरू आहे आणि आम्ही इमानेइतबारे कार्डं वरखाली करतो. 'गुडघा'वाल्या सेनापतीणबाईंना परवा खांद्याला लागलं, तर आम्ही जड मनानं त्यांना दुसऱ्या नंबरावर आणलं. पाचव्या कार्डाला मात्र कुणी हात लावत नाही. फॉलो-अपला काका आलेच नाहीत.