अळी असतानाचं नाव

सगळ्या बंगळुरात, आणि मला विचाराल तर सगळ्या जगात, एका अळीसाठी पोटच्या मुलीच्या लग्नाचा मांडव अडवून धरणारा माणूस एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला चुलत सासरा म्हणून आला. घरातले सगळे त्यांना चिक्कप्पा म्हणत, म्हणजे कानडीत धाकटा काका. मी बेळगावची, नवी सून, मी धाकटे मामंजी म्हणायची. सासर पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात मुरलेलं मराठी घर. भांडणं मराठीत, भाजीवाल्याशी घासाघीस कानडीत, आणि मामंजींचं जे काही चालायचं ते परसातल्या झाडांशी, कुठल्या भाषेत ते त्यांनाच ठाऊक.

मी आले त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. तांदळाच्या ताटात अंगठीनं नाव लिहून माझी रुक्मिणी करून झाली होती, आणि रुक्मिणी म्हणून कोणी हाक मारली की मी मागे वळून बघायची, कोणाला बोलावतायत म्हणून. अशात मामंजी परसातून आले. हातात रुईचं पान, पानावर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची चांगली बोटाएवढी अळी. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाले, "मुली, अळी असतानाचं नाव काय तुझं?" माझी तर बोबडीच वळली. आमच्या वडिलांनी स्थळाची एवढी चौकशी केली, ही एवढी गोष्ट कशी विचारायची राहिली, असं मनात आलं. कसंबसं म्हटलं, "विमल." "सरी," ते कानडीत 'बरं' म्हणाले, "मग विमलच. पंख फुटले म्हणून नाव कशाला बदलायचं? आतला जीव तोच की." आणि अळीला पानासकट घेऊन निघून गेले. त्या घरात शेवटपर्यंत मला विमल म्हणणारे ते एकटेच.

मामंजींची नोकरी यशवंतपूरच्या मालधक्क्यावर, कारकुनाची. तिथून फुटके खोके, बिस्किटांचे पत्र्याचे डबे, जे काही टाकाऊ असेल ते घरी यायचं, त्याला मलमलीचं झाकण बसायचं आणि आत एकेक अळी राहायला जायची. डब्यावर ठसठशीत अक्षरात 'हा भाग वर' असं लिहिलेलं. प्रत्येक अळीला नाव. नाव एकदा ठेवलं की कोशात गेली तरी तेच, फुलपाखरू होऊन उडाली तरी तेच. एखादं फुलपाखरू अंगणात आलं की हे खुर्चीवरून उठून, "अगं, आपली चिंगी आली," म्हणून सगळ्यांना बोलवायचे. ती चिंगीच कशावरून, असं विचारायची माझ्या यजमानांचीसुद्धा छाती नव्हती. एकदा कोश फुटायच्या बेताला आला म्हणून त्यांनी कचेरीत रजा मागितली, घरी बाळंतपण आहे असं सांगून. साहेबांनी हसून रजा दिली, आणि दुसऱ्या दिवशी धक्क्यावरची मंडळी पेढ्यांसाठी दारात उभी. धाकट्या सासूबाई तेव्हा पन्नाशीच्या पुढे होत्या. त्या दिवसभर माजघरातून बाहेर आल्या नाहीत.

सासूबाईंचं खरं दुखणं कढीपत्त्याचं होतं. परसात माणसाच्या उंचीचं झाड, आणि त्यावर एकही पान तोडायची बंदी, कारण ते पाळणाघर. बंगळुरात राहून कढीपत्त्याविना सांबार म्हणजे काय ते तिथल्या बाईलाच विचारावं. "घरात झाड असून मी बाजारातनं काडी काडी विकत आणते," त्या मला म्हणायच्या, "स्वल्प तरी लाज वाटावी की नाही माणसाला." मामंजींना वाटायची नाही. उलट जेवताना त्यांच्या अंगात यायचं. एकदा पाहुण्यांच्या पंगतीत मी पिठलं वाढत होते आणि हे हात हवेत नाचवत सांगत होते, "कोशात काय होतं माहीत आहे? ती आत झोपत नाही हो, विरघळते. पाय विरघळतात, तोंड विरघळतं. सगळी अशी पातळ होते, हे बघा, अशीच, या पिठल्यासारखी. आणि त्या पातळातून पंख होतात, डोळे होतात, सोंड होते. कोणी शिकवलं तिला?" त्यांचे डोळे असे लकाकत होते की मी वाढायचं विसरून ऐकत राहिले. पाहुण्यांनी मात्र ताकभात मागितला.

हे सगळं ज्या एका माणसाला पहिल्यापासून कळायचं ती त्यांची मुलगी इंदू. एकुलती एक, अबोल, सावळी. बापलेक सकाळी परसात गेले की दोघांची फक्त पाठ दिसायची. इंदू लहान असताना एका फुलपाखराला कोशातून बाहेर यायला वेळ लागत होता. तिला दया आली आणि तिनं केसातल्या आकड्यानं कोश जरासा उसवून दिला. फुलपाखरू सुटलं, पण त्याचे पंख भरलेच नाहीत, चुरगळलेलेच राहिले. देवघरातल्या झेंडूवर दोन-तीन दिवस चालत होतं बिचारं, मग नाही. मामंजी रागावले नाहीत. पण त्या दिवसापासून घरात कायदा झाला: कोश फुटताना ज्याला बघायचं त्यानं दोन्ही हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. मीसुद्धा तशी उभी राहिलेली आहे, पदर खोचून, कवायतीला उभी राहिल्यासारखी.

इंदूचं लग्न आनेकलच्या स्थळाशी ठरलं. चांगली शेतीवाडीची माणसं. बैठकीत मामंजींनी देण्याघेण्याचं अक्षर काढलं नाही. एकच मागणं घातलं, मुलीचं नाव बदलू नका. व्याही हसले. "आमच्यात बदलतात," म्हणाले, आणि विडा पुढे केला. मामंजींनी विडा घेतला, पण तो त्यांच्या हातात तसाच राहिला. संध्याकाळी इंदू त्यांना म्हणाली, "अप्पा, तुम्हीच म्हणता ना, नाव तेच राहतं म्हणून." त्यांनी मान हलवली.

आता आमच्यात लग्नाआधी देवक बसवतात. आंबा, जांभूळ, उंबर, शमी आणि रुई, अशी पाच झाडांची पालवी मांडवाच्या खांबाला बांधायची, तोच कुळाचा देव. एकदा पूजा झाली की कार्य उरकून भटजी देवक उठवीपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही, आणि देवक उठल्याशिवाय मांडवही उतरवायचा नाही. रुई बाहेरून आणा असं सगळे सांगत होते. पण मामंजींना वाटलं, इंदूच्या लग्नाला रुई घरचीच हवी. पानन्‌पान तपासून त्यांनी फांदी तोडली, आणि त्या गडबडीत एक पाहुणी पानामागे राहून गेली. पूजा संपली, हळदीकुंकू लागलं, आणि इंदूच्या लक्षात आलं की पट्ट्यापट्ट्यांची अळी देवकावरून ऐटीत वर चालली आहे. आंब्याच्या पानाखाली जाऊन ती उलटी लटकली. तिचं नाव गुंडू ठेवण्यात आलं. भटजींना विचारलं तेव्हा ते बराच वेळ वर बघत राहिले आणि म्हणाले, "देवकावर बसली, ती देवकातली. आता ती उठेल तेव्हा उठेल." भटजी सहज बोलून गेले, पण मामंजींनी ते शब्द गाठीला बांधले.

दुसऱ्या दिवशी अक्षता पडेपर्यंत गुंडूचा कोश तयार, पोपटी रंगाचा, वर सोन्याचे ठिपके. वऱ्हाडी बायका नवरी सोडून तो बघायला येत होत्या. निघताना इंदू सगळ्यांच्या पाया पडली, रडली नाही, बापाजवळ मात्र थांबून हळूच म्हणाली, "अप्पा, मी मांडवपरतणीला येईपर्यंत त्याला निघू देऊ नका." निघू देऊ नका. जणू हे त्यांच्या हातात होतं.

मांडवपरतणी म्हणजे मांडव उभा असतानाच नवी जोडी माहेरी जेवायला येते ती. मग देवक उठतं आणि मांडव उतरतो. पण कोश फुटायला आठवडा तरी हवा, त्याहून जास्तच. झालं, मामंजींनी आनेकलला निरोप धाडला की या आठवड्यात दिवस चांगले नाहीत. मांडववाला रोज येऊन डोकं धरून बसे, त्याचे बांबू दुसऱ्या लग्नात अडले होते. शेजारी विचारायचे, दुसरी मुलगी आहे का हो? सासूबाईंनी बोलणं सोडलं. मामंजी खांबाखाली खुर्ची टाकून बसलेले, कावळा आला की टाळ्या वाजवत, आणि येईल त्याला पिठल्याची गोष्ट सांगत.

शेवटी परतणीचा दिवस आला, आणि सकाळीच कोश काळपट पडला. आतले केशरी पंख काचेतून दिसावेत तसे दिसायला लागले. म्हणजे आजच. आनेकलची बस आली नव्हती. मामंजी एकदा कोशाकडे, एकदा गल्लीच्या तोंडाकडे. "गुंडू, स्वल्प थांब रे," असं मी माझ्या कानांनी ऐकलं. गुंडू कसला थांबतोय. कोशाला चीर गेली, ओला गोळा बाहेर आला, लटकला, पंख हळूहळू भरायला लागले. मलमलीचा डबा तिथेच पायाशी होता. वरून धरला असता तर इंदू येईपर्यंत तो सहज थांबला असता. मी डब्याकडे बघितलं, मामंजींनीही बघितलं. मग त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

आणि तेवढ्यात दाराशी जटक्याचा घोडा थांबला. हिरवा शालू, हातभर चुडा, डोक्यावरून पदर, ही कोण बाई असं मला क्षणभर वाटलं. इंदू चपला न काढताच धावत मांडवात आली, बापाशेजारी उभी राहिली आणि हात पाठीमागे बांधले. चुडा किणकिणला तेवढाच. आम्ही सगळे माना वर करून उभे, मांडववालासुद्धा. गुंडूनं पंख उघडले, मिटले, पुन्हा उघडले आणि तो मांडवाच्या झालरीखालून निघून कौलांवरून गेला. मामंजी त्याच्या मागे पाहत राहिले. "गुंडूच," ते म्हणाले. "बघ इंदू, गुंडूच की नाही?"

ओसरीवरून जावयानं हाक मारली, "सुमित्रा."

मला माझ्या नव्या नावाची ओळख पटायला महिने लागले होते. इंदूनं, कोणाला बोलावतायत म्हणून, मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "आले," म्हणाली, आणि निघाली. मामंजींचा एक हात पाठीमागून सुटून तिच्या खांद्याकडे गेला, मध्येच थांबला आणि परत मागे जाऊन दुसऱ्या हातात बसला. मग मला म्हणाले, "विमल, भटजींना सांग. देवक उठवा म्हणावं."

मामंजी जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. परसात रुई आहे, पट्ट्यांच्या अळ्या येतात, त्यांना कोणी नावं ठेवत नाही. कढीपत्ता आम्ही खुशाल तोडतो. मला विमल म्हणणारं आता कोणी उरलेलं नाही. इंदूला निदान मी आहे. ती माहेरी आली की जटक्यातून पाय खाली ठेवायच्या आतच मी दारातून हाक मारते, "इंदू," चांगली गल्लीभर ऐकू जाईल अशी.