सरांचं गणित बरोबर होतं

अंबरनाथ पूर्वेला आमची छोटी कंपनी होती. रंग मिसळणाऱ्या यंत्रांचे कंट्रोलर आम्ही बनवायचो. मिश्रणाचं प्रमाण काढणारा प्रोग्राम सरांचा. ते पंचावन्नचे, मी नोकरीत नवीन. मला काम त्यांनीच शिकवलं. माझी चूक सापडली की ते आधी चहा मागवायचे, मग सांगायचे.

एकदा उल्हासनगरच्या गिऱ्हाइकाची तक्रार आली. निळा रंग मधूनच फिका निघत होता. आठवड्यातून एखादी बॅच बिघडायची, बाकीच्या ठीक. सरांनी वहीत सगळी आकडेमोड पुन्हा केली.

"माझं गणित बरोबर आहे गं," ते म्हणाले.

कंपनीच्या साहेबांनी तपासणी मला दिली. मी यंत्र आठ दिवस चालवलं, दोनदा प्रमाण चुकलं. त्याच प्रोग्रामात माझाही एक तुकडा होता, सिग्नल आल्यावर चालणारा 'हँडलर'. दर सेकंदाला सिग्नल यायचा, सरांचा हिशोब क्षणभर थांबायचा आणि माझा तुकडा टाकीच्या तापमानाची सरासरी काढायचा. तो बंद करून बघावं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. 'दोष मिश्रणाच्या हिशोबात' असं लिहून मी सही केली.

सरांना कुणी काढलं नाही. त्यांच्याकडे फक्त माहितीपुस्तिका लिहायचं काम राहिलं. सहा महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला.

हिशोबाचा प्रोग्राम दशांश टाळून नव्याने लिहिला गेला आणि तक्रारी थांबल्या. दोन वर्षांनी अचूकतेसाठी त्यात दशांश परत आणले, आणि तीच तक्रार आली. या वेळी मी माझा सिग्नल बंद केला. महिनाभरात एकही चूक नाही.

दशांशाची आकडेमोड करताना प्रोसेसर अर्धवट उत्तरं वेगळ्या रजिस्टरांत, म्हणजे त्याच्या आतल्या छोट्या कप्प्यांत ठेवतो. सिग्नल आला की ती जपून बाजूला ठेवायची आणि काम झालं की परत जागेवर आणायची, हे ऑपरेटिंग सिस्टिमचं काम. आमच्या बोर्डासाठी बदलून घेतलेली सिस्टिम साधी रजिस्टरं जपायची, दशांशाची विसरायची. क्वचित सिग्नल नेमका दशांशाच्या आकडेमोडीच्या मधोमध आला, की माझ्या तुकड्यातला तापमानाचा आकडा तिथेच पडून राहायचा आणि सरांचा हिशोब तोच उचलून पुढे जायचा.

मी नवा रिपोर्ट दिला. "बरं झालं, सापडलं," साहेब म्हणाले आणि पुढच्या ऑर्डरचं विचारू लागले.

रविवारी विठ्ठलवाडीला सरांच्या घरी गेले. ते बारीक झाले होते. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "म्हणजे हँडलरमधून परतताना रजिस्टरं भरलीच जात नव्हती?"

"नाही सर."

"हँडलर कुणाचा होता?"

"माझा."

काकू चहा घेऊन आल्या, त्या म्हणाल्या, "नातीला गणित शिकवायला बसत नाहीत हे. म्हणतात, माझ्याकडून चुकीचं शिकेल."

"मला वाटलं, डोकंच चालेनासं झालं," सर हळू म्हणाले. "सहा महिने तिथे बसून मी तेच तपासत होतो. शेवटी मलाच ते पटलं."

मी माफी मागितली. साहेबांशी बोलते, परत या, म्हटलं.

"नको. तू मुद्दाम नाही केलंस." त्यांनी कप उचलला, तसाच खाली ठेवला. "पण मला एकदा विचारायचं होतंस. दोघांनी बसून शोधलं असतं."

निघाले तेव्हा काकू जिन्यापर्यंत आल्या. सर खुर्चीतून उठले नाहीत.