दुपारचं रीडिंग

मंगळवारी दुपारी दोन वाजता माझा मित्र रिअ‍ॅक्टरमध्ये उतरला. तो जिवंत बाहेर आला नाही.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या रसायनांच्या कारखान्यात तो ऑपरेटर होता, मी सेफ्टी ऑफिसर. रिअ‍ॅक्टर म्हणजे दोन माणसं आत उभी राहतील एवढी पोलादी टाकी. धुवायला कुणी आत उतरण्याआधी मी मीटर आत सोडून ऑक्सिजन मोजायचा, आकडा आत उतरण्याच्या परमिटवर लिहून सही करायची. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा मोजायचं, पुन्हा सही. आम्ही मात्र दोन्ही रकाने सकाळीच भरत असू. दुपारी मी दुसऱ्या प्लँटमध्ये अडकलो तर काम खोळंबायचं. शिवाय सुट्टीत मी वाचत बसतो, हे त्याला ठाऊक होतं.

"जेवून आलं की हवा बदलते काय, मास्तर?" त्या सकाळीही तो म्हणाला. "आमी तेच, टाकी तीच. करा सही. तुमचं पुस्तक वाट बघतंय."

मी सही केली.

सुट्टीत शेजारच्या रिअ‍ॅक्टरसाठी कोणीतरी नायट्रोजनचा वाल्व उघडला. ती लाइन या टाकीलाही जोडलेली होती. सकाळी वाल्व बंद दिसला, एवढ्यावर आम्ही भागवलं होतं. नायट्रोजननं टाकीतला ऑक्सिजन हटवला; त्याला वास नसतो, त्याला कळलंच नाही.

चौकशीत परमिट पूर्ण भरलेलं निघालं. दुपारचा आकडाही होता. म्हणजे हवा चांगली होती, मग त्यानंच काहीतरी चुकवलं असणार, असं ठरलं. मी बोललो नाही. घाबरलो होतो.

त्याच्या गावी, शिरगावला, त्याच्या तेराव्याला मी पानावर बसलो. शेजारी त्याचे मामा होते. ते म्हणाले, "कंपनीवाले सांगतात, त्याचीच चूक हाय." त्याची मुलगी भात वाढत होती. तिनं ऐकलं आणि पुढच्या पानाकडे सरकली.

पंगत उठल्यावर मागच्या दारी त्याच्या बायकोला, वहिनींना, मी सगळं सांगितलं.

"मंजे त्यांची चूक नाय?"

"नाही, वहिनी. दुपारी मी मोजलंच नाही. आकडा सकाळीच लिहिला होता."

"आन् तेरा दिवस जेवण जात होतं तुमाला, भावजी?"

मी निघायला वळलो.

"लिवून द्या," त्या म्हणाल्या. "पोरीसमोर बसून लिवा."

ओसरीवर बसून मुलीच्या वहीतली दोन पानं मी भरली. तिनं ती मोठ्यानं वाचली, एके ठिकाणी थांबून पुन्हा वाचली. दुसऱ्या दिवशी मी ती पानं चौकशी अधिकाऱ्यांच्या हातात दिली.

अहवाल बदलला. त्याच्यावरचा ठपका निघाला, माझ्यावर आला. माझी नोकरी गेली, खटला चालू आहे. मी सरावलीत एका खोलीत राहतो. वहिनी कधी बोईसरच्या बाजारात दिसतात. त्या बोलत नाहीत. मीही थांबत नाही.